ग्रोनिंगनमध्ये घराला तडे गेलेत? आयएमजीच्या भरपाईबद्दल (पाचपैकी साडेतीन)

नेदरलँड्सला ग्रोनिंगनकडे घर घ्यायचा विचार करणारे आपले लोक हमखास विचारतात, ते भूकंपाचे पैसे खरंच मिळतात का हो? मिळतात, आयएमजी ही इथली सरकारी संस्था ते देते. आम्ही बेडुमला राहतो, विटांचं जुनं घर, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेला तडा, तेव्हा अनुभवाने सांगतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे १९६३ पासून जमिनीखालून गॅस उपसला, त्याने हादरे बसायला लागले, त्यातला सगळ्यात मोठा १६ ऑगस्ट २०१२ चा हाउझिंगेचा, ३.६ चा. आकडा ऐकून गावाकडचे हसतात, आमच्या सासूबाई तर लगेच किल्लारी काढतात, पण हे हादरे जेमतेम तीन किलोमीटर खोलीवर होतात आणि ही घरं बांधताना भूकंप कोणाच्या डोक्यातही नव्हता. गॅस उपसणं २०२३ च्या ऑक्टोबरात थांबलं, हादरे मात्र अजून अधूनमधून येतात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तडा गॅसमुळेच गेला हे तुम्ही सिद्ध करायचं नाही! गॅसमुळे नाही गेला हे भरपाई देणाऱ्यांनी दाखवायचं. २०१६ च्या शेवटापासून तसा कायदाच आहे. आम्ही मूळचे पाटणचे, तिकडे धक्का बसला की लोक आधी कोयना धरणाकडे बघतात, पण ‘धरणामुळे’ असं पंचनाम्यात कोण लिहून देणार? त्यामुळे इथलं हे ऐकून आमच्या सासऱ्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना?

आता अर्ज. डिजीडीने (इथलं सरकारी ऑनलाइन ओळखपत्र) लॉगिन करायचं आणि मग खरा प्रश्न येतो, ठरलेली रक्कम घ्यायची की माणूस बोलवून पाहणी करून घ्यायची. ठरलेली रक्कम आधी ५,००० युरो होती, नंतर १०,००० केली, आणि ज्यांना आधी कमी मिळाले होते त्यांना वरचे मागता येतील अशी सोय केली. पाहणी नाही, पुरावा नाही, झटपट. पण ती घेतली की घरात आत्ता जे काही तडे आहेत त्यांचा हिशोब मिटला असं धरतात, म्हणून एखाद-दुसरी भेग असेल तर खुशाल घ्या, भिंत वाकली असेल किंवा दरवाजे अडकायला लागले असतील तर मोहात पडू नका. आम्ही पाहणी घेतली. बाई आल्या, खोलीखोलीत फिरल्या, माळ्यावरसुद्धा चढल्या, प्रत्येक तड्याला नंबर दिला, फोटो, लांबी, रुंदी, आणि अहवालात प्रत्येक नंबरसमोर वेगळी रक्कम. एका भेगेसाठी अख्खी भिंत रंगवायचा खर्च धरला होता, कारण मधेच पट्टा मारला तर दिसतो, हे मला फार पटलं.

घराची किंमत उतरली त्याची भरपाई वेगळी मागायची, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ती काही सरकारने आपणहून दिलेली नाही हं. हजारो घरमालकांनी मिळून वाग नावाची संस्था केली आणि गॅस काढणाऱ्या नाम कंपनीला कोर्टात खेचलं, २ सप्टेंबर २०१५ ला आसन शहरातल्या कोर्टाने सांगितलं की घर विकलं नसलं तरी उतरलेली किंमत द्यावी लागेल, २०१८ मध्ये वरच्या कोर्टातही तेच टिकलं. आज आपण दहा मिनिटांत ऑनलाइन अर्ज करतो तो त्यांच्या जिवावर.

दीड स्टार कापला तो सगळ्या प्रकारातल्या असमानतेसाठी. एकाच गल्लीत एकाला दहा हजार, दुसऱ्याला त्याच्या कितीतरी पट, त्यावरून शेजाऱ्यांत धुसफूस. जानेवारी २०२२ मध्ये तर घरदुरुस्तीच्या अनुदानासाठी लोक थंडीत रांगा लावून उभे राहिले आणि निधी त्याच दिवशी संपला, टीव्हीवर सगळ्या देशाने बघितलं. नंतर जास्तीचा निधी दिला म्हणा, पण शोभा व्हायची ती झाली.

एक सावधगिरी, ‘तुमचा क्लेम आम्ही करून देतो, मिळाले तर टक्के द्या’ असे एजंट दारावर येतात. आमच्याकडे आलेल्याने तर किंमत उतरल्याच्या अर्जावरसुद्धा टक्के मागितले, ज्यात पिनकोड आणि घराची सरकारी किंमत यापलीकडे काही लागत नाही. सरळ दार लावा.

आमचे पैसे खात्यात आले आहेत, गवंडी मात्र मिळत नाहीये, सगळ्यांच्या तारखा भरलेल्या. बेडुम-विन्सुमकडे कोणी चांगला माहीत असेल तर प्लीज मेसेज करा.