लिपोफेक्टामिन ३०००: नऊ महिने वापरल्यावर

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये पेशींत डीएनए पोचवणाऱ्या लिपोफेक्टामिन ३००० या स्निग्ध द्रव्याची (लिपिडची) दीड मिलिलिटरची बाटली आली. आज जानेवारीत तिच्या तळाशी दोनशे मायक्रोलिटरच्या आसपास उरलं आहे. मधले नऊ महिने ती सर्वांत जास्त माझ्याच हातात होती. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाचं निम्मं काम तिच्यावर उभं राहिलं आणि त्यातलं बरंचसं मला पुन्हा करावं लागलं. ज्यांना आता खरेदीचं इंडेंट टाकायचं आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

डीएनए पेशीत घालायला, म्हणजे ट्रान्सफेक्शनला, आधी आमच्याकडे कॅल्शियम फॉस्फेटची पद्धत होती. १९७३ मध्ये लायडनला ग्रॅहम आणि व्हॅन डर एब यांनी ती मांडली. हेक २९३ या मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासूनच्या पेशीही त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने तयार झाल्या. पद्धत स्वस्त, पण बफरचा पीएच ७.०५ च्या जरा इकडेतिकडे गेला की साका जाडाभरडा पडतो आणि सगळी प्लेट वाया जाते. माझ्या हातून आठवड्याला निकाल बदलायचा. स्निग्ध द्रव्यांचा मार्ग १९८७ मधला. कॅलिफोर्नियात सिन्टेक्स कंपनीत फिलिप फेल्ग्नर आणि सहकाऱ्यांनी डॉटमा नावाचा धनभारित लिपिड वापरून डीएनए पेशीत पोचवला. डीएनएवर ऋण भार, पेशीच्या अंगावरही ऋण भार, त्यामुळे नुसता डीएनए पेशीला चिकटतच नाही. धनभारित लिपिड मध्ये आला की गाठोडं बांधलं जातं, पेशी ते गिळते, आणि गिळलेल्या पिशवीच्या पडद्यात लिपिड मिसळून डीएनए बाहेर निसटतो. आज आपण वापरतो त्या बाटल्यांच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

बाटली आली तेव्हा खोक्यातले बर्फाचे पॅक वितळलेले होते. पुरवठादाराला फोन केला, समाधानकारक उत्तर मिळालं नाही. शेजारच्या लॅबमधून त्यांच्या जुन्या बाटलीतलं थोडं मागून आणलं आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्लेटमध्ये लावून पाहिलं. फरक दिसला नाही, म्हणून ठेवून घेतली. नवी बाटली आली की ही एवढी परीक्षा जरूर करा. पुढे काही बिघडलं तर निदान एक संशय आधीच दूर झालेला असतो. आणि ही बाटली फ्रीझरमध्ये कधीही ठेवू नका. जागा तिची ४ अंशांवर, फ्रिजच्या दारात नव्हे, आतल्या कप्प्यात.

वापरायला सोपी आहे. दोन नळ्या घ्यायच्या. एकीत सीरम नसलेल्या मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रावणात) लिपिड, दुसरीत त्याच मीडियममध्ये डीएनए आणि सोबत येणारा पी३००० हा द्राव. दोन्ही एकत्र करून १० ते १५ मिनिटं बाहेर ठेवायचं आणि मग थेंबाथेंबाने पेशींवर सोडायचं. सहा वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटला प्रत्येक वेलमागे २.५ मायक्रोग्रॅम डीएनए, ५ मायक्रोलिटर पी३०००, आणि लिपिड पावणेचार ते साडेसात मायक्रोलिटर. पी३००० डीएनएच्या नळीत जातो, लिपिडच्या नाही. आमच्या दोन प्रशिक्षणार्थींनी नेमकं उलट केलं आणि त्या दिवशी पेशी चमकल्याच नाहीत, प्लेट जवळजवळ काळीच राहिली. गाठोडी बांधली गेल्यावर नळी व्हॉर्टेक्स करू नये (यंत्रावर जोरात घुसळू नये), बोटाने हलकी टिचकी पुरे. नळ्या आम्ही पॉलिप्रॉपिलीनच्या घेतो. मीडियममध्ये पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन असेल तर त्या दिवसापुरतं काढा, कारण लिपिडने पडदा सैल झाला की अँटिबायोटिक्सही जास्त आत शिरतात आणि पेशी मरतात.

हेक २९३टी पेशींवर पहिल्याच आठवड्यात जो निकाल मिळाला तो मी विसरणार नाही. आदल्या संध्याकाळी जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा प्लाझ्मिड (जीन वाहणारं डीएनएचं कडं) दिला होता. सकाळी अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपचा निळा प्रकाश लावला आणि अख्खं क्षेत्र हिरवं उजळलं. मोजल्यावर दहातल्या आठ-नऊ पेशी हिरव्या निघाल्या, आणि पुढच्या तीन आठवड्यांत हा आकडा हलला नाही. कॅल्शियम फॉस्फेटवर घालवलेल्या महिन्यांनंतर हे पाहून मला खरंच भरून आलं.

पण या यशातलं बरंच श्रेय २९३टी पेशींचं आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. या पेशी भराभर विभागतात. साधारण ५ किलोबेसचा (पाच हजार अक्षरजोड्यांचा) प्लाझ्मिड म्हणजे तीस लाख डाल्टनहून जड रेणू. केंद्रकाच्या छिद्रांतून आपसूक आत सरकण्याची मर्यादा ४० हजार डाल्टनच्या आसपास. म्हणजे छिद्रातून तो जाणार नाही. पेशी विभागताना केंद्रकाचा पडदा विरघळतो, तेव्हाच डीएनएला संधी मिळते. म्हणून पेशी ७० ते ९० टक्के भरलेल्या, पण अजून वाढत्या हव्यात. शुक्रवारी गच्च भरलेली प्लेट सोमवारी वापरली तेव्हा माझा आकडा थेट निम्म्यावर आला. शिवाय २९३टीमध्ये एसव्ही४० या विषाणूचं टी अँटिजेन हे प्रथिन असतं, त्यामुळे योग्य ओरिजिन (प्रत काढायला सुरुवात होते ती जागा) असलेले प्लाझ्मिड आत गेल्यावर स्वतःच्या प्रती काढतात. इतकी सोय बाकीच्या पेशी देत नाहीत.

माझा खरा प्रश्न मॅक्रोफेजचा, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचा होता. रॉ २६४.७ या उंदराच्या पेशी, आपल्याकडे पुण्यातल्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून आलेल्या. एक विशिष्ट प्रथिन जास्त बनवलं तर दाह वाढतो का, हे पाहायचं होतं. इथे हिरव्या पेशी शंभरात दहा-बारा. बऱ्याच गोल होऊन तरंगायला लागलेल्या. लिपिड कमी केला, पाच तासांनी मीडियम बदललं, पेशी जास्त दाट लावल्या. मृत्यू कमी झाला, आकडा पंधरापर्यंत चढला. तेवढ्यावर समाधान मानून मी दाहाचा निरोप देणारा टीएनएफ-अल्फा मोजायला घेतला. जीन दिलेल्या पेशींत तो न दिलेल्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त. तीनदा केलं, तीनदा तेच. आलेख काढले, लॅब मीटिंगमध्ये दाखवले.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "रिकामा प्लाझ्मिड दिलेला वेल कुठे आहे?"

तो मी लावला नव्हता. बाटली महाग म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये वेल वाचवत होते, आणि तुलना अजिबात न छेडलेल्या पेशींशी करत होते. पुढच्या आठवड्यात सगळे वेल लावले: काहीच न दिलेला, नुसता लिपिड, नुसता डीएनए, लिपिड आणि रिकामा प्लाझ्मिड, लिपिड आणि माझी जीन. शेवटच्या दोन वेलमध्ये टीएनएफ-अल्फा सारखाच निघाला. चार महिने मी माझ्या प्रथिनाचा परिणाम म्हणून जे मोजत होते, तो ट्रान्सफेक्शनचाच परिणाम होता.

यातला पहिला दोषी डीएनए निघाला. मी साध्या मिनीप्रेपचा (ई. कोलाय जिवाणूंतून थोडक्यात वेगळा काढलेला) डीएनए वापरत होते. शुद्धता दाखवणारं २६०/२८० चं गुणोत्तर १.८५, म्हणजे कागदावर चोख. पण ई. कोलायच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन या मोजमापात दिसत नाही. मॅक्रोफेजच्या अंगावर टीएलआर-४ हा ग्राहक असतो आणि एंडोटॉक्सिनचा माग लागताच तो पेशीला पेटवतो. हेक पेशींत तो नसतो, म्हणून तोच डीएनए तिथे बिनबोभाट चालत होता, आणि म्हणूनच मला त्याच्यावर कधी संशय आला नाही. एंडोटॉक्सिनमुक्त मिडीप्रेप केल्यावर टीएनएफ-अल्फा बराच खाली आला.

विषाणूविरोधी इशारा देणारं इंटरफेरॉन-बीटा हे प्रथिन मात्र खाली येईना. त्याचं कारण डीएनए स्वतः. पेशीद्रवात डीएनए दिसणं हे पेशीच्या दृष्टीने विषाणू घुसल्याचं लक्षण आहे. सीगॅस नावाचं प्रथिन ते ओळखतं आणि स्टिंग या दुसऱ्या प्रथिनामार्फत धोक्याची घंटा वाजवतं. डॅलसमधल्या झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेने सीगॅसचा शोध २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. ही साखळी हेक २९३टीमध्ये नाही, मॅक्रोफेजमध्ये जागती आहे. मग लिपिड कितीही चांगला असो, तो डीएनए पेशीद्रवात नेऊन सोडणारच, आणि मॅक्रोफेज त्याला ओळखणारच. बाटली बदलून हा प्रश्न सुटत नाही. दाह, इंटरफेरॉन, संसर्ग असल्या विषयांवर मॅक्रोफेजमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी ध्यानात घ्यावं असं मला फार वाटतं, कारण आकडेवारी तुम्हाला सावध करत नाही. तीनही वेळा माझा पी-व्हॅल्यू उत्तम होता.

आता वाट बदलली आहे. लिपोफेक्टामिन मी २९३टी पेशींवरच वापरते, आणि तिथे लेन्टिव्हायरस (जीन वाहून नेणारा विषाणू) बनवते. माझ्या जीनचा प्लाझ्मिड आणि विषाणूचे भाग बनवणारे पीएसपॅक्स२ व पीएमडी२.जी, असे तीन एकदम द्यायचे, ४८ आणि ७२ तासांनी मीडियममधून विषाणू गोळा करायचा आणि त्याने रॉ पेशींत जीन कायमची बसवायची. यासाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते, त्यात आमचे सहा आठवडे गेले. जीन बसवल्यावर पेशी दोन-तीन आठवडे निवांत वाढू द्यायच्या आणि मग प्रयोग लावायचा. रिकाम्या वेक्टरच्या पेशी आता खरोखर शांत असतात.

खर्चाचं गणित असं. वेलमागे ५ मायक्रोलिटर धरले तर या बाटलीत सहा-वेल प्लेटचे ३०० वेल होतात. २४-वेल प्लेटला १ मायक्रोलिटर पुरत असल्याने १५०० होतात. म्हणून मात्रा ठरवण्याचे सगळे प्रयोग मी २४-वेलमध्येच उरकते. विषाणूसाठी मोठ्या ताटल्या लागतात, तिथे ही बाटली परवडत नाही. गेल्या महिन्यापासून त्या कामाला आम्ही पीईआय (पॉलिइथिलीनइमाइन) घेतलं, २५ किलोडाल्टनचं सरळ साखळीचं. हा लिपिड नव्हे, पॉलिमर आहे. १९९५ पासून जनुकं पोचवायला वापरात आहे. पावडर आणायची, लॅबमध्येच विरघळवून गाळायची, खर्च अगदी किरकोळ. २९३टीवर मला विषाणू जवळपास तितकाच मिळतो.

पेशी अवघड असतील, प्लाझ्मिड मोठा असेल, डीएनए थोडाच हाताशी असेल, तर लिपोफेक्टामिनला मी आजही पहिली पसंती देईन. काम फक्त २९३टीवर असेल तर पीईआयने सुरुवात करा आणि वाचलेल्या पैशात एंडोटॉक्सिनमुक्त प्रेपचा किट घ्या. आणि काहीही वापरण्याआधी पेशींची मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारा जिवाणू) चाचणी करून घ्या. आमच्या एका फ्लास्कमध्ये ती सप्टेंबरमध्ये पॉझिटिव्ह आली, आणि त्या फ्लास्कमधल्या सगळ्या नोंदी मी वहीतून बाद केल्या.

उरलेल्या दोनशे मायक्रोलिटरपैकी निम्मं नव्या विद्यार्थिनीला दिलं आहे. तिची पहिली प्लेट सोमवारी लागेल. झाकणावर तिने पाच वेलची नावं आधीच लिहून ठेवली आहेत, आणि त्यांशिवाय रिकाम्या प्लाझ्मिडचे तीन वेल जास्तीचे धरले आहेत.