लेहमध्ये घर: मातीचं की सिमेंटचं?
लेह सुमारे 3500 मीटरवर. थंडीत पारा उणे 20 पर्यंत उतरतो. सिमेंटचं घर झटपट उभं राहतं, पण सिमेंट-सळई ट्रकने घाट चढून आणावी लागते आणि पातळ भिंती रात्री गारठतात. मग बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटवत बसा! उन्हात वाळवलेल्या विटांची जाड भिंत मात्र दिवसाचं ऊन साठवून रात्री हळूहळू सोडते. दक्षिणेला मोठ्या काचा हव्यातच, नाहीतर नुसती माती काय करणार? छताला पॉप्लरच्या तुळया, त्यावर विलोच्या काड्या, गवत, माती. खरा धोका पाण्याचा: ऑगस्ट 2010 च्या ढगफुटीत मातीची कितीतरी घरं ढासळली. म्हणून जोतं दगडी घ्यावं, तेही ओढ्याच्या वाटेपासून लांब. मी मातीच निवडेन; न्हाणीघरापुरतं सिमेंट चालेल.