पहिल्या सत्राचं प्रॅक्टिकल: अनुभवानुसार बॅच की जोडीनं कोडिंग?

संगणकशास्त्राला आलेल्या मुली पहिल्याच वर्षी का मागे सरतात, याची कारणं पुष्कळ. विभागाच्या थेट हातात असतं ते पहिल्या सत्राचं प्रॅक्टिकल. ते लावण्याच्या दोन पद्धती अमेरिकेत चांगल्या आजमावून झाल्या आहेत.

सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ली मॅकडॉवेल, लिंडा वर्नर आणि सहकाऱ्यांनी जोडीनं कोडिंग तपासलं. संगणक एक, विद्यार्थी दोन. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं चुका पकडत पुढचं सुचवायचं, आणि ठरावीक वेळानं जागा बदलायच्या. जोडीनं शिकलेल्यांचा आत्मविश्वास वाढला, कोर्स पूर्ण करणारेही जास्त निघाले.

कॅलिफोर्नियातल्याच हार्वी मड कॉलेजनं २००६ च्या सुमारास पहिला कोर्स जावा या प्रोग्रामिंग भाषेवरून पायथॉन या भाषेवर आणला आणि वर्ग आधीच्या अनुभवानुसार विभागला. नवख्यांचा ‘गोल्ड’, सरावलेल्यांचा ‘ब्लॅक’. दोन्ही कॉलेजचेच रंग, त्यामुळे कुणावर ‘कच्चा’ असा शिक्का नाही. पुढचा कोर्स सगळ्यांना एकत्र. या शाखेत मुलींचं प्रमाण काही वर्षांत सुमारे १२ टक्क्यांवरून ४० च्या आसपास गेलं. अर्थात सोबत पहिल्या वर्षानंतर संशोधनाची संधी आणि संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांसाठी भरणाऱ्या ग्रेस हॉपर संमेलनाच्या सहलीही होत्या. श्रेय एकट्या विभागणीला देता येणार नाही.

तरी माझं मत विभागणीकडेच झुकतं, आणि त्याचं कारण कीबोर्ड. आपल्याकडे बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेऊन सी++ केलेला मुलगा आणि प्रोग्रामिंग प्रथमच पाहणारी मुलगी एका जोडीत आली, की ‘थांब, मी पटकन करतो’ सुरू होतं. कीबोर्ड त्याच्याकडे, जर्नल तिच्याकडे. प्रोग्राम चालतो, सही दोघांना मिळते. तोंडी परीक्षेत लूप शून्यापासून का, हे तिला सांगता येत नाही आणि ‘हे आपल्याला जमणारं नाही’ अशी तिची समजूत होते. दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायला लावणं हा उपाय आहे, पण वीसजणांच्या बॅचमध्ये एकट्या शिक्षकाला सगळ्या जोड्यांवर लक्ष ठेवणं कठीण. त्यात जोडीदार गैरहजर राहिला की घडी मोडते.

विभागणीला वेगळा खर्चही फारसा नाही. बॅचेस आपण पाडतोच, रोल नंबरानं. फक्त निकष बदलायचा. पहिल्या तासाला दहा ओळींच्या प्रोग्रामचा प्रश्न द्या: यादीतल्या सम संख्यांची बेरीज, भाषा कुठलीही. ज्यांना सुरुवातच करता येत नाही ते नवखे, मग मुलगा असो वा मुलगी. प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच ठेवा. नवख्यांची बॅच सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे द्या. ती नव्या तासिका शिक्षकाच्या गळ्यात पडली तर सगळं फसतं. आणि प्रत्येक प्रश्नावर आधीच उत्तर ठोकणारा विद्यार्थी दोन्हीकडे निघतोच. हार्वी मडचे शिक्षक त्याला एकांतात सांगतात: तुझ्याशी बोलायला आवडतं, पण ते तासानंतर.

विद्यार्थी एकाच बॅचपुरते असतील तर मात्र जोड्याच बऱ्या. फक्त त्या सारख्या अनुभवाच्या लावा आणि गुण वेगवेगळे द्या. विभागणी केली असली, तरी चार-पाच आठवड्यांनी नवख्यांच्या बॅचमध्येच जोड्या लावून पाहायला हरकत नाही.