‘चेंज द जेंडर’साठी ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी: कुठे कामाची, कुठे तोकडी

इंग्रजी नामाला मराठीसारखं व्याकरणिक लिंग नाही. टेबल, खुर्ची, पुस्तक, सगळ्यांना एकच ‘इट’. स्त्री-पुरुष फरक दिसतो तो सर्वनामात आणि थोड्याफार शब्दजोड्यांत. तरीही बाजारातलं व्याकरणाचं कुठलंही गाइड उघडा, जेंडरच्या धड्यात ‘चेंज द जेंडर’ (लिंग बदला) या प्रश्नासाठी दोन रकान्यांची यादी पाठांतराला दिलेली असतेच. या याद्या जुन्या आहेत, एकीवरून दुसरी उतरवलेल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जोड्या आज चालत नाहीत. त्या तपासायला ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ची, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशाची, वेबसाइट फुकट आहे, आणि या एका कामात ती गाइडपेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

‘गव्हर्नर – गव्हर्नेस’ ही जोडी घ्या. गव्हर्नेस म्हणजे श्रीमंताच्या घरी राहून मुलांना शिकवणारी बाई. विजयालक्ष्मी पंडित १९६२ ते १९६४ या काळात महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. त्यांना इंग्रजीत गव्हर्नरच म्हणायचं. ‘मेयर – मेयरेस’चंही तसंच. इंग्लंडात मेयरेस बहुतेकदा मेयरची बायको असते. मुंबईच्या किंवा पुण्याच्या महिला महापौरांसाठी हा शब्द वापरलात तर त्यांचं पद नवऱ्याला देऊन बसाल. ‘मास्टर – मिस्ट्रेस’बद्दल तर बोलायलाच नको. पोरं निबंधात शाळेच्या बाईंना मिस्ट्रेस लिहितात, आणि आजच्या इंग्रजीत त्या शब्दाचा पहिला अर्थ विवाहित पुरुषाची प्रेयसी असा निघतो. ‘बुलक – हेफर’ शेतकऱ्याच्या घरचं पोरही खोडून काढेल: बुलक म्हणजे खच्ची केलेला बैल, हेफर म्हणजे कालवड. ती जोडी जमायची कशी?

डिक्शनरी वापरायची एक पद्धत आहे. पुल्लिंगी शब्द शोधून थांबू नका. यादीतला स्त्रीलिंगी शब्द स्वतंत्रपणे टाइप करा. अर्थाच्या आधी कंसात तिरप्या अक्षरात काही छापलंय का, ते आधी बघा. ‘पोएटेस’, ‘ऑथरेस’ यांना जुनाट असा शेरा आहे. म्हणजे परीक्षेपुरतं ओळखायचं, लिहिताना पोएट आणि ऑथरच वापरायचं. ‘बिच’सारख्या शब्दावर तो अपमानकारक असल्याची सूचना मिळते, जी गाइडात सहसा नसते. मग अर्थांचे क्रमांक वाचा. पहिल्याच अर्थात ‘हेच काम करणारी स्त्री’ असं नसेल तर ती जोडी वहीतून कापायला हरकत नाही. ‘अ‍ॅक्ट्रेस’ अजून चालतो, पण बऱ्याच अभिनेत्रींना आता स्वतःला अ‍ॅक्टर म्हणवून घेणं आवडतं, हेही तिथे नोंदवलेलं आहे. खुणा वाचायची सवय लागली की यादी भराभर निम्मी होते.

सर्वनामांच्या नोंदी आणखी उपयोगी. ‘इट’खाली बाळ येतं: मुलगा की मुलगी माहीत नसेल तेव्हा बाळाला ‘इट’ म्हणता येतं. मात्र आईसमोर तिच्या बाळाला ‘इट’ म्हणू नका, ‘ही’ की ‘शी’ ते विचारून घ्या. ‘दे’खाली एकवचनी वापर सरळ दिलाय: कुणी छत्री विसरून गेलं आणि तो की ती हे ठाऊक नसेल तर ‘समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला’. मुलांची चूक होते ती क्रियापदात. माणूस एक असला तरी ‘दे आर’च, ‘दे इज’ नाही. स्त्री किंवा पुरुष या चौकटीत न बसणाऱ्या व्यक्तीसाठीचा ‘दे’ही त्याच नोंदीत आहे. हे नवं फॅड आहे म्हणून नाक मुरडणाऱ्या शिक्षकांसाठी एवढंच: एकवचनी ‘दे’चा दाखला मोठ्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत थेट १३७५ सालापासूनचा आहे. परदेशात मानसशास्त्राचा प्रबंध लिहिणाऱ्या मराठी मुलांना तर तो टाळताही येणार नाही, कारण एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) लेखनाच्या नियमपुस्तकाच्या सातव्या आवृत्तीने २०१९ मध्ये त्याला संमती दिली.

आता उणिवा. सगळं स्पष्टीकरण इंग्रजीत, त्यामुळे आठवीच्या मुलाला एकट्याला सोडून चालत नाही. मराठी कोशात पु., स्त्री., न. असं असतं तसं इथे नामापुढे काही नाही. मुळात ते लिंगच नाही तर छापणार काय? पण हे न सांगता डिक्शनरी हातात दिली तर मूल ती खूण शोधत बसतं. नात्यांच्या शब्दांत ती मराठी माणसाला फारशी मदत करत नाही: ‘कझिन’वरून चुलतभाऊ, मामेबहीण की आतेभाऊ हे कळायला पुढच्या वाक्यातलं ‘ही-शी’ शोधावं लागतं, आणि त्यातूनही चुलत की मामे हे उरतंच. इतिहासही इथे तोकडा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तीन लिंगं होती, सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि बायकोचा शब्द चक्क नपुंसकलिंगी, हे वाचायला दुसरीकडे जावं लागेल. जहाजाला ‘शी’ म्हणण्याची रीत ‘लॉइड्स लिस्ट’ या नौवहनाच्या जुन्या वृत्तपत्राने २००२ मध्ये सोडली, तसली माहितीही इथे शोधू नये.

कायद्याचं भाषांतर करणाऱ्यांनी मात्र सर्वनामासाठी या डिक्शनरीवर विसंबू नये. कायद्यांतल्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम १३ प्रमाणे पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २(१०) मध्ये तर ‘ही’ (he) हे इंग्रजी सर्वनाम पुरुष, स्त्री किंवा ट्रान्सजेंडर अशा कुणाहीसाठी आहे. तिथे मूळ कलमच उघडून वाचायचं.