रॅम आधी की एसएसडी? दोन्ही वेगवेगळ्या लावून मोजल्या

पुस्तकांची पानं लावणं आणि प्रुफं वाचणं हे माझं काम. दिवसाचे आठ-नऊ तास समोर एकच लॅपटॉप असतो: इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम (चालू काम धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी), ५०० जीबीची ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेऱ्यांची) हार्ड डिस्क. गेल्या दोन वर्षांत तो इतका मंदावला की बटण दाबून मी दुसऱ्या कामाला लागायचे आणि परत आले तरी आत डिस्कची कुरकुर चालूच असायची. सगळ्यात जीव जायचा तो ऐन कामात. पुस्तकाच्या फाइलमधून शब्दकोशाच्या टॅबवर जायचं, एक शब्द बघायचा आणि परत यायचं, एवढंच. पण परत आलं की पान पांढरंफटक आणि मधोमध निळं वर्तुळ गरगरतंय. तीस सेकंदांनी पान दिसायचं, तोवर मघाशी त्यात काय खटकलं होतं तेच डोक्यातून निघून गेलेलं असायचं.

चौकशी केली तर निम्मे म्हणाले रॅम वाढव, निम्मे म्हणाले हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) टाक. माझ्या मशीनमध्ये डोकावून मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. शेवटी मी दोन्ही मागवल्या: ८ जीबीची रॅम आणि क्रुशियलची एमएक्स५०० ही ५०० जीबीची एसएसडी. आधी फक्त रॅम लावून आठवडाभर काम केलं. मग ती काढून फक्त एसएसडी लावली. शेवटी दोन्ही. दर खेपेला घड्याळ लावून तीन गोष्टी मोजल्या: मशीन सुरू करून पहिली फाइल उघडेपर्यंतचा वेळ, ३८० पानांचं सचित्र पुस्तक उघडायला लागणारा वेळ, आणि पुस्तक, एक मोठी पीडीएफ व पंधरा टॅब उघडे असताना एकावरून दुसऱ्यावर जायला लागणारा वेळ. मोजताना नेहमी रिस्टार्ट केलं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' करून परत सुरू केलेलं मशीन पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही, आकडे फसवतात.

जुन्या अवस्थेत सुरू व्हायला ४ मिनिटं १० सेकंद, पुस्तकाला १ मिनिट ३५ सेकंद, आणि ये-जा करताना वीस ते चाळीस सेकंदांचा खोळंबा.

नुसती रॅम वाढवल्यावर सुरुवात ३ मिनिटं ५५ सेकंदांत झाली. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पुस्तक पहिल्यांदा उघडायलाही १ मिनिट २० सेकंद लागले. पण ये-जा एकदम लख्ख! टॅबवर जा, परत या, पान जागच्या जागी. पुस्तक बंद करून लगेच पुन्हा उघडलं तर १४ सेकंदांत उघडलं. रिकाम्या रॅममध्ये विंडोज नुकत्याच वाचलेल्या फाइली धरून ठेवतं, त्याचा हा फायदा. मशीन रिस्टार्ट केलं की तो गेला.

नुसती एसएसडी लावली, रॅम परत ४ जीबीच, तेव्हा सुरुवात ३४ सेकंदांत झाली. मी घड्याळ दोनदा तपासलं. पुस्तक १९ सेकंदांत उघडलं. ये-जा करताना दोन-तीन सेकंद अडखळायचं. रॅम वाढवल्यावर जी सहजता होती ती नव्हती, पण विचार तुटत नव्हता. दोन्ही लावल्यावर ३१ सेकंद, १५ सेकंद आणि अडखळणं शून्य.

तर माझ्यासारखं मशीन असेल, म्हणजे फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी, आणि दोन्हींपैकी एकच घेणं शक्य असेल, तर मी बिनदिक्कत सांगेन: आधी एसएसडी.

कारण नीट समजून घेतलं की हे आकडे आपोआप पटतात. ५४०० आरपीएम म्हणजे तबकडी सेकंदाला ९० वेळा फिरते. एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, शिवाय हेड त्या पट्ट्यावर सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला साठ-सत्तरच्या वर काही जात नाही. सलग वाचताना हीच डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते, त्यामुळे मोठी फाइल कॉपी करताना ती बरी वाटते आणि मशीन सुरू होताना हजारो बारक्या फाइली उचलताना धापा टाकते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तुकडा कुठेही असो, तो मिळायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही पुरतो.

आता रॅम अपुरी पडली की काय होतं बघा. विंडोज काही पानं (४ केबीचे तुकडे) उचलून डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवतं आणि लागली की परत आणतं. एक जीबी म्हणजे अशी २,६२,१४४ पानं. सेकंदाला सत्तर या हिशेबाने ती एकेक करून परत आणायची म्हटली तर तासाहून जास्त लागेल. प्रत्यक्षात शेजारशेजारची पानं एकत्र येतात म्हणून इतकं होत नाही, पण माझे ते तीस सेकंद कुठे जात होते ते यावरून कळलं. एसएसडी रॅमची उणीव भरून काढत नाही, त्या उणिवेचा त्रास सुसह्य करते. उलट रॅम कितीही वाढवली तरी जे पहिल्यांदा डिस्कवरूनच वाचायचं आहे ते त्याच गतीने येणार.

पण हे उत्तर सगळ्यांचं नाही, आणि इथेच माझी भाची फसणार होती. तिच्या मशीनला आधीपासूनच एसएसडी आहे, रॅम ८ जीबी. ती शेकडो फोटो जोडून मोठी पॅनोरामा चित्रं करते. तिचा फोन आला, "मावशी, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के दाखवतंय. म्हणजे आणखी वेगवान डिस्क घ्यायची ना?"

मी म्हटलं, थांब. डिस्क शंभर टक्के दिसली म्हणजे दोष डिस्कचाच असं नाही. रॅम संपल्यामुळे पेजफाइलची ये-जा चालू असेल तरी डिस्कचाच आकडा वर जातो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावरून रिसोर्स मॉनिटर उघड. मेमरीच्या पानावर 'हार्ड फॉल्ट्स' नावाचा आलेख आहे, हवं ते रॅममध्ये नसून डिस्कवरून आणावं लागतं तेव्हा तो वर जातो. नेहमीचं काम चालू ठेवून तो पाच मिनिटं बघ. मग डिस्कच्या पानावर बघ, सगळ्यात जास्त वाचन-लेखन कोणत्या फाइलवर चाललंय. तिच्याकडे मेमरी ९६ टक्के, फॉल्ट्सचा आलेख वरच्या रेघेला चिकटलेला, आणि डिस्कच्या यादीत पहिलं नाव पेजफाइलचं. तिला रॅमच हवी होती. १६ जीबीची जोडी लावल्यावर तेच पॅनोरामा डिस्क जवळपास शांत ठेवून तयार झालं.

एक फॉल्ट दिसला म्हणून घाबरू नये. नवा प्रोग्राम उघडताना ते येतातच. काम चालू असताना आलेख सतत उंच राहिला, आणि मेमरी नव्वदीच्या पुढे असली, तरच रॅमकडे बघावं. आणि रॅम मागवण्याआधी दोन गोष्टी तपासा: विंडोज ६४-बिटचं आहे का (३२-बिट विंडोज १० ला ४ जीबीच्या वरची रॅम वापरता येत नाही), आणि लॅपटॉपला मोकळा स्लॉट आहे का. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे हा प्रश्नच मिटतो.

रॅमच्या बाबतीत मला मनस्ताप झाला, तोही सांगते. माझ्या मशीनला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. विक्रेत्याने 'सर्व लॅपटॉपना चालेल' असं लिहून साधी डीडीआर३ पाठवली, १.५ व्होल्टची. पिना दोन्हींना २०४, खाचही एकाच जागी, त्यामुळे ती टक्कन बसली. पण स्क्रीन काळीच. मशीन मेलं असं वाटून माझे हातपाय गार पडले. जुनी पट्टी परत लावल्यावर ते सुरू झालं तेव्हा कुठे श्वास घेतला. बदलून मिळायला नऊ दिवस गेले. पट्टीवरचा व्होल्टेजचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय ती लावू नका.

एमएक्स५०० बद्दल मात्र एकही तक्रार नाही. ७ मिलिमीटर जाडीची आहे. माझ्या लॅपटॉपचा कप्पा ९.५ मिलिमीटरचा, त्यासाठीची चिकट चौकट खोक्यातच मिळाली. जुन्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब प्रत) केला, चार स्क्रू काढून अदलाबदल केली, आणि माझा डेस्कटॉप होता तसा उघडला. तिच्यावर स्वतःची डीरॅम (छोटी वेगवान मेमरी) आहे, त्यामुळे मोठी कॉपी चालू असतानाही मशीन गुदमरत नाही.

एसएसडी लिहून लिहून झिजते ही भीती मलाही होती. या ५०० जीबीच्या एसएसडीला कंपनी ५ वर्षांची किंवा १८० टीबी लेखनाची हमी देते. फक्त एसएसडी असताना, पेजफाइलची धावपळ धरूनही, माझं लेखन दिवसाला ४० जीबीच्या आसपास होतं. त्या हिशेबाने बारा वर्षं. रॅम वाढवल्यावर ते १५ जीबीवर आलं. खरी काळजी वेगळी आहे: हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा कटकट आवाज करते, एसएसडी गुपचूप जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट एसएसडीच्या बाजूने. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठीच्या अधिकृत यादीत माझा प्रोसेसर नाही. आज ना उद्या हे मशीन बदलावं लागणार. डीडीआर३एलची पट्टी नव्या मशीनमध्ये बसणार नाही. एसएसडी मात्र यूएसबीच्या डबीत घालून बरोबर नेता येईल.

जुनी हार्ड डिस्क सध्या तशाच एका डबीत आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्राममध्ये तिची तब्येत अजून 'गुड' दाखवते. संध्याकाळी काम आवरताना ती जोडते, दिवसभरात लावलेली पानं तिच्यावर उतरवते, आणि ती ओळखीची कुरकुर थांबली की काढून कपाटात ठेवते.