पेव: ऑगस्टमधली फुललेली पिशवी की मेमधला गड्डा?

पावसाळा अर्ध्यावर आला की नर्सऱ्यांच्या दाराशीच पेवाच्या पिशव्या मांडलेल्या दिसतात. लालभडक कणसातून एखादं पांढरं, क्रेप कागदासारखं चुरमडलेलं फूल डोकावत असतं, सोबत ‘स्पायरल जिंजर’ अशी पाटी. हात आपोआप पुढे जातो. पेव विकत घ्यायची सगळ्यात वाईट वेळ मात्र हीच.

पेव हे सह्याद्रीत आणि कोकणात रानाच्या कडेला, ओढ्याकाठी, घाटरस्त्यांच्या उतारांवर वाढणारं झाड. मोकळ्या जमिनीत ते सहा-सात फूट सहज जातं. त्याचा गड्डा आल्यासारखा आडवा पसरतो. पाच-सहा इंची पिशवीत पसरायला जागाच नसते, त्यामुळे दांडा दोन फुटांवर अडतो आणि कणीस लिंबाएवढंच राहतं. घरी आणून कुंडी बदलेपर्यंत बहर ओसरू लागतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पानं पिवळी पडून दांडे वाळतात. झाड मेलं समजून लोक कुंडी रिकामी करतात. प्रत्यक्षात गड्डा खाली झोपलेला असतो. पिशवी विकताना ही एवढीशी गोष्ट क्वचितच कुणी सांगतं, यासाठी गुण कापायलाच हवेत.

खरा सौदा मे महिन्यातल्या गड्ड्याचा. बोटाने दाबून पाहा, टणक लागला पाहिजे. मऊ पडलेला किंवा आंबूस वास येणारा नको. तुकड्यावर दोन-तीन फुगीर डोळे हवेत. एकाच डोळ्याचा तुकडा जगतो, पण फुलायला एखादं वर्ष जास्त घेऊ शकतो. कापलेली बाजू एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यायची. ओल्या जखमेसकट लावलेला गड्डा पहिल्याच जोराच्या पावसात कुजतो.

लावताना दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग जाड वाळू. खोली दोन-तीन इंच, डोळे वर, गड्डा आडवा. जमिनीत दोन रोपांमध्ये दोन फूट ठेवा. कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट हवी, तोंड निदान सोळा इंच. वळवाचे दोन पाऊस झाले की कोंब वर येतात. ‘पेव फुटलं’ म्हणतो त्यातलं पेव म्हणजे धान्याचं तळघर, या झाडाशी त्याचा संबंध नाही. पण जूनमध्ये एकाच गड्ड्यातून चार-पाच कोंब निघताना पाहिले की तसं वाटावं खरं.

दांडा जिन्यासारखा वळत वर चढतो, पानंही त्याच वळणाने लागतात. पानाची पाठ बोटाला मखमलीसारखी लागते. सकाळचं तीन-चार तास कोवळं ऊन आणि पुढे झाडाची सावली, ही जागा उत्तम. दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपतात, गडद सावलीत दांडे लोळतात. एका कणसावर रोज एक-दोनच फुलं उमलतात, तीही फार टिकत नाहीत. पण हा क्रम काही आठवडे चालतो आणि फुलं संपल्यावरही लाल कणीस शोभा देत राहतं. कणसावर मुंग्या दिसल्या तर फवारणीच्या मागे लागू नका, त्या तिथल्या मधुरसासाठी येतात. खरा त्रास गोगलगाईंचा, कोवळे कोंब त्या रात्रीत साफ करतात.

दांडे वाळले की वीतभर ठेवून कापा, पाणी जवळपास बंद करा. कुंडीवर चिठ्ठी लावा, नाहीतर मार्चमध्ये त्यात कोणीतरी दुसरंच काही लावतं.

नावाचा गोंधळही तपासून घ्या. नर्सरीत पेवाला ‘कॉस्टस’ही म्हणतात आणि त्या नावाखाली बरेचदा इन्सुलिन प्लांट हातात ठेवतात. ते मूळचं ब्राझीलचं, बुटकं, नारिंगी फुलाचं. पांढरं फूल, लाल कणीस आणि मखमली पान, तिन्ही जुळलं तरच पेव.

गड्ड्याला पाचपैकी साडेचार, फुललेल्या पिशवीला दोन. पिशवी आधीच घेतली असेल तर बहर संपताच दांड्याचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून ओल्या वाळूत आडवे ठेवा. पेरांपाशी नवी रोपं फुटतात. रानातून उपटून आणलेले गड्डे कोणी विकत असेल, तर मात्र घेऊ नका.