कागदपत्रांच्या शोधासाठी कोणतं इंजिन: एसक्यूलाइट, पोस्टग्रेस, मेलीसर्च की इलॅस्टिकसर्च?

फाइली अपलोड करायच्या, मजकुराचा इंडेक्स बनवायचा आणि ब्राउझरमधून शोधायचं, असं ॲप बांधताना पहिला वाद इंजिनवरून होतो. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस, मेलीसर्च आणि इलॅस्टिकसर्च ही खास शोधाची वेगळी इंजिनं. संग्रह एका सर्व्हरवर मावत असेल, तर हाताशी असलेल्या डेटाबेसमधलीच शोधसुविधा आधी वापरून पाहा. वेगळं इंजिन आणलं की मजकुराच्या दोन प्रती सांभाळाव्या लागतात. मग डेटाबेसमधून खोडलेला कागद शोधात दिसत राहतो आणि क्लिक केलं की पान सापडत नाही.

एसक्यूलाइटचं एफटीएस५, म्हणजे त्याची मजकूर शोधण्याची सोय, सगळ्यांत हलकं. वेगळा सर्व्हर नाही, इंडेक्स एका फाइलीत, क्रमवारी बीएम२५ने (शब्द कागदात किती वेळा येतो आणि संग्रहात किती दुर्मीळ आहे, यावर गुण देणारं सूत्र). लिहिणारा मात्र एका वेळी एकच. अपलोड करणारे बरेच असतील तर रांग लागते. देवनागरीत खरी मेख टोकनायझरची, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाची आहे. युनिकोड६१ हा मूळ टोकनायझर अक्षरं आणि अंक धरतो, पण काना-मात्रा-वेलांटीला शब्द तोडणारं चिन्ह समजतो. ‘देव’चे ‘द’ आणि ‘व’ असे तुकडे पडतात. ‘दिवा’, ‘दावा’, ‘देवी’ यांचेही नेमके तेच. त्यामुळे ‘देव’ शोधला की चौघंही हजर. निकाल येत राहतात, म्हणून चूक उशिरा कळते. टेबल बनवतानाच टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’ पर्यायात एमएन आणि एमसी (काना-मात्रांसारख्या जोडचिन्हांचे युनिकोडमधले वर्ग) हे दोन वर्ग जोडा. नंतर आठवलं तर टेबल नव्याने बांधावं लागतं.

पोस्टग्रेसमध्ये मजकूर आणि इंडेक्स एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच होत नाही, अशा एका व्यवहारात) बदलतात, हा त्याचा मोठा फायदा. टीएसव्हेक्टरचा (मजकुरातले शब्द आणि त्यांची स्थानं यांची यादी) जनरेटेड, म्हणजे आपोआप भरला जाणारा कॉलम आणि त्यावर जिन (शब्दावरून नोंदी शोधणारा) इंडेक्स, एवढं पुरतं. कॉलमच्या व्याख्येत ‘सिंपल’ हे कॉन्फिगरेशनचं नाव स्पष्ट लिहा, नाहीतर पोस्टग्रेस ती व्याख्या स्वीकारतच नाही. क्रमवारीत ते कमी पडतं: संग्रहात शब्द किती दुर्मीळ आहे, हे मूळ रँकिंग बघत नाही. शिवाय एक टीएसव्हेक्टर १ एमबीच्या आत बसावा लागतो, आणि शब्दाचं स्थान १६,३८३च्या पुढे मोजलं जात नाही, म्हणून जाड अहवालाच्या शेवटाकडे सलग शब्दांचा शोध भरवशाचा राहत नाही.

मेलीसर्चची मर्यादा अशीच, पण ती गुपचूप लागते. एका फील्डमधले ६५,५३५ शब्द झाले की पुढचा मजकूर इंडेक्समध्ये जात नाही आणि एररही येत नाही. दोन्हींवर इलाज एकच: अख्खा दस्तऐवज एका नोंदीत कोंबू नका, दर पानाला एक नोंद ठेवा. निकालात पान क्रमांक दाखवता येतो, तो वर फुकट. टाइप करता करता निकाल आणि टायपोला सवलत हवी असेल तर मेलीसर्चला तोड नाही. पण एका शोधाला मूळ सेटिंगमध्ये १,०००च निकाल देतं, त्यामुळे ‘सगळे उल्लेख काढून द्या’ अशा कामाला ते सेटिंग वाढवावं लागतं.

इलॅस्टिकसर्च तेव्हाच, जेव्हा संग्रह अनेक सर्व्हरवर पसरणार असेल किंवा गाळण्या आणि आकडेमोड भरपूर असेल. ते जावावर चालतं; जावाच्या हीपला (प्रोग्रामसाठी राखलेल्या मेमरीला) रॅमच्या निम्म्याहून जास्त देऊ नये, कारण उरलेली रॅम फाइल कॅशला, म्हणजे वाचलेल्या फाइली मेमरीत ठेवायला लागते. फील्डचा प्रकार बदलला की अख्खा रीइंडेक्स, म्हणजे सगळा इंडेक्स पुन्हा बांधायचा. मूळ टोकनायझर देवनागरी शब्द नीट राखतो. त्यातला तयार हिंदी ॲनालायझर (शब्द पाडून प्रत्यय कापणारा भाग) मात्र मराठीला लावू नका; ‘-चा’, ‘-ला’, ‘-मध्ये’ त्याच्या गावीही नाहीत.

मराठी विभक्तीचं ओझं चारही ठिकाणी तुमच्यावरच. ‘विमा’ शोधला तर ‘विम्याचा’ येत नाही. एफटीएस५ किंवा पोस्टग्रेसमध्ये ‘विम’ने सुरू होणारे शब्द मागा, दोन्ही येतात. सोबत ‘विमान’ही उतरतं, तेवढं सोसायचं.

इंडेक्स करण्याआधी मजकूर एनएफसी रूपात, म्हणजे एकच अक्षर एकाच पद्धतीने साठवणाऱ्या युनिकोड रूपात आणा. ‘दुसऱ्या’मधला ऱ कुणी नुक्ता लावून टाइप करतं, कुणी झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) वापरून. नुक्त्याचा प्रकार एनएफसीने एक होतो, झेडडब्ल्यूजेचा होत नाही. तो बदल स्वतः लिहावा लागतो, आणि शोधखिडकीत आलेल्या शब्दावरही तोच चालवावा लागतो. स्कॅन केलेल्या पीडीएफमधून मजकूर निघतच नाही: पानं ३०० डीपीआयच्या (दर इंचाला ३०० ठिपके) चित्रांत काढून टेसरॅक्ट या चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या मराठी मॉडेलमधून घ्या, आणि ज्या पानाचा मजकूर रिकामा आला त्याची वेगळी यादी ठेवा.